रुमालाखालचा कॉईन

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात भाव अजून रुमालाखाली ठरतो. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याखाली बोटं दाबून सौदा होतो आणि बघणाऱ्याला काडीचं कळत नाही. आमच्या रंगनाथआबांच्या रुमालाखाली मात्र बोटांसोबत एक मोबाईलही असतो. आबांना आपली दलाली क्रिप्टोमध्ये हवी असते.

"नोट भिजती, फाटती, उंदीर खातो. कॉईनला उंदीर लागत न्हाई. लिहून ठिवा, मास्तर!"

मी शाळामास्तर, त्यामुळे लिहून ठेवायची कामं माझ्याच गळ्यात. दोन वर्षांत आबांना कॉईन किती जणांनी दिला, तेही मला पाठ आहे. एकानेही नाही.

त्याला कारण आबाच. पैसे द्यायचा तो चौकोनी कोड ते रुमालाबाहेर काढूच देत नाहीत. "सौदा झाकूनच व्हायला पायजे. उघड्यावर भाव फुटतो!" मग गिऱ्हाईक बिचारं रुमालात डोकं खुपसून अंधारात मोबाईल फिरवतं, आणि बैल कंटाळून शेण टाकतो.

धर्मापुरीचा एक मेंढपाळ वैतागून म्हणाला, "आबा, तुमचा कॉईन सकाळी बैल असतो, दुपारी बोकड हुतो. तुमी आपली रोख घ्या की!" आबांनी त्याला जागच्या जागी अडाणी ठरवलं.

शेवटी मीच विचारलं, "आबा, कशाला हा हट्ट?"

आबा रुमालाची घडी घालत राहिले. "पोरगं परदेशात हाय. त्यानंच हे मोबाईलात घालून दिलंय. हितं कॉईन आला की त्याच्याबी मोबाईलवर वाजतंय. म्हनला, वाजलं की लगीच फोन करतो." घडी खिशात घालत म्हणाले, "आमी केला तर लई कामात असतो."

मला माझीच लाज वाटली. आठवडाभर धडपडून ते सगळं शिकलो. पुढच्या बाजारी एक शेळी पसंत केली, मालकाला रोख दिले आणि दलालीसाठी रुमालात डोकं घातलं, बॅटरी लावून. आबांचा मोबाईल टिंग वाजला. दोन मिनिटांत फोन आला.

"हां, बाळा... कॉईनचं ऱ्हाऊ दे रं. जेवलास का?" आबा पाठमोरे झाले. शेळीचं दावं माझ्या हातात द्यायचंही विसरले.

आता माझ्या दारात तीन शेळ्या आहेत. बायको विचारते, "एवढं दूध पिणार कोण?" मी गुपचूप चारा टाकतो. रविवारी चौथी आणायची आहे.