माइक कमजोर आहे

सोमवारी चेतना ऑफिसात पुन्हा रुजू होणार होती. सहा महिन्यांच्या प्रांजलला सांभाळायचं काम बाबांनी हट्टाने मागून घेतलं होतं. पाळणाघरातही नाव घालून ठेवावं का, असं तिने विचारताच कुंडलिकराव दुखावले. चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडलेला माणूस. त्यांनी मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात पोरीचं रडणं ऐकू यावं म्हणून यंत्रच बनवायला घेतलं. पाळण्याशी माइक, स्वयंपाकघरात स्पीकर आणि मध्ये चांगली जाड वायर.

“बाबा, मोबाइलवर चालणारी तयार मिळतात.”

“पोरीचं रडणं आधी आभाळात पाठवायचं, मग घरात आणायचं. कशाला?”

पहिला माइक जुन्या फोनमधून निघाला, हरभऱ्याएवढा. चेतनाने पाळण्यापाशी टाळी वाजवली.

“नुसती खरखर. माइक कमजोर आहे.”

दुसरा तिच्या नवऱ्याचा, विशालचा, कॉलरला लावायचा. तो प्रांजलने तोंडात घातला. “हा कमजोर होताच, आता ओलाही झाला,” बाबा म्हणाले.

शनिवारी शेजारचा सुबोध जयंती मंडळाचा माइक, अॅम्प्लिफायर आणि भोंगा घेऊन आला.

“काका, यावर तीन गल्ल्यांना ऐकू जातं. झकास काम!”

कुंडलिकराव स्वयंपाकघरात, खिडकीबाहेर तोंड केलेल्या भोंग्याशेजारी वाटाणे सोलत बसले आणि त्यांनी बटण शेवटपर्यंत पिळलं. नेमका तेव्हाच विशालचा फोन आला. खोलीचं दार लावून, पाळणा हलवत चेतना हळूच बोलली, “नाही रे, बाबांना तोंडावर कसं सांगू? पण त्यांच्या भरवशावर पोर टाकून जायची मला भीती वाटते.”

ती बाहेर आली तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. तळमजल्याच्या प्रेमाकाकूंचे हात पिठाने भरलेले.

“अगं, बापाबद्दल असं बोलतात? निदान माइक तरी बंद करायचा!”

चेतना गर्रकन वळली. तिने स्वयंपाकघरात पाहिलं. बाबा निवांत शेंगा सोलत होते.

“या, या सगळे! सुबोध, तुझा पण माइक कमजोरच रे. आवाज येतो, शब्द कळत नाहीत.”

सुबोधने भोंग्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

चेतनाला आई आठवली. आई असताना दारात आलेल्याचं, टीव्हीवरचं, चेतनाचंसुद्धा बोलणं बाबांच्या कानाशी पुन्हा म्हणायची. “अहो, ती म्हणतेय, डबा घ्या.” सगळ्यांना वाटायचं, चंपाबाईंना बोलायची फार हौस.

माणसं पांगल्यावर चेतना बाबांसमोर बसली आणि मोठ्याने म्हणाली, “बाबा, माइक पाळण्याला नको. तुमच्या कानाला लावू.”

त्यांनी हातातली शेंग न सोलताच ताटात ठेवली.

“तुझी आई बोलली होती का कुणाला?”

“नाही, बाबा. एका शब्दानेही नाही.”

संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांनी तीन यंत्रं दाखवली. कुंडलिकरावांनी प्रत्येकातला माइक कुठे बसवलाय ते भिंगातून तपासलं, डॉक्टरांना दोन सुधारणा सुचवल्या आणि मधलं यंत्र वापरून बघायला घरी आणलं.

सोमवारी अकराला चेतनाने ऑफिसातून फोन लावला आणि दोन दिवसांच्या सवयीने ती ओरडली, “बाबा, प्रांजल झोपली का?”

सगळा मजला वळून बघू लागला. पलीकडून आधी रडणं आलं, मग बाबांचा शांत आवाज.

“आत्तापर्यंत झोपली होती. एवढं कशाला ओरडतेस? ऐकू येतं मला.”