दारावर आलेलं इंजिन

भट्टी फक्त पेटवायची, गाडी जागची हलवायची नाही, असं नवलने ठरवलं आणि तो गुपचूप मागच्या अंगणात आला. सुतकातल्या माणसाने याहून लहान निर्णय तो काय घ्यायचा? दाढी करायची नाही, गोड खायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. उरता उरली भट्टी, आणि ती पेटवू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. (वाफेच्या इंजिनाबाबत शास्त्रं एकूण गप्पच आहेत.)

पुढच्या ओट्यावर त्या दिवशी दार होतं. खानदेशात घरचं माणूस गेलं की नातलग, गाववाले भेटायला येतात, त्याला दारावर येणं म्हणतात. पुरुषमंडळी ओट्यावर सतरंजीवर बसतात, बायका आतल्या खोलीत. बोलायचं काही नसतं. फार तर 'काय व्हयनं व्हतं?' असं एकजण विचारतो आणि मग सगळे मिळून जमिनीकडे बघतात. नवलचे वडील, प्रेमचंद आबा, जाऊन आठवा दिवस होता. आभाळात मळभ होतं, वारा नावाला होता आणि सगळं धानोरा गाव दमून बसल्यासारखं दिसत होतं.

आबा रेल्वेत फायरमन होते. सुरतेच्या वाटेवर खरी वाफेची इंजिनं धावत तेव्हा त्यांच्या पोटात कोळसा घालण्यात आबांची उमेदीची वर्षं गेली. पुढे इंजिनं बंद पडली, आबा घरी आले, आणि हातातला सगळा जोर जिभेत उतरला. सून, लेक, भाऊबंद, दूध घालणारा, मत मागायला आलेला, कुणाचीच त्या जिभेतून सुटका झाली नाही. गावात कुणाला भाजलं तर लोक विचारत, 'चुल्हावर का आबापान?'

नवल आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवून निवृत्त झाला आणि बापलेकांनी मिळून गुडघ्याएवढं उंच, खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन बांधायला घेतलं. मिळून म्हणजे नवल लेथवर उभा आणि आबा खाटेवर बसून शिव्या देत. चाकं कातून दाखवली तर आबा म्हणाले, "हाई चाक शे का भाकर?" मग दुसरी चाकं. तांब्याचा बॉयलर, पितळी झडपा, आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी करंगळीएवढी पाणकाच, सगळं असंच दोनदोनदा झालं. घराभोवती पाच इंच अंतराचे रूळ टाकले, खाली बाभळीच्या पट्ट्या. इंजिनामागे एक फळीची गाडी, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून माणसाने बसायचं. मंगलाबाई, म्हणजे नवलची बायको, धुणं वाळत घालताना त्या रुळांना रोज अडखळायची आणि रोज तेच म्हणायची, की लोकांचे नवरे निवृत्तीनंतर देवाला जातात.

एवढ्या वर्षांत आबांच्या तोंडून चांगला शब्द एकदाच निघाला. बॉयलरमध्ये आग घालण्याआधी गार पाणी दुप्पट दाबाने भरून बघतात, म्हणजे तो फुटायचाच असला तर माणूस भिजतो, भाजत नाही. बॉयलर टिकला. आबांनी प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला, कोरडा तळवा डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "चालीन." मग लगेच भानावर येऊन म्हणाले, "पयलं फावडं मी टाकसू. तुले आग समजस का?"

ते फावडं राहिलं. दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. कुणाला काही न बोलता आबा गेले, यावरच गावाचा आधी विश्वास बसेना.

आता खरी अडचण अशी, की आबांसाठी कुणी रडलंच नाही. नव्वदीचा माणूस, झोपेत गेला, सोनं झालं म्हणायचं. नवलची मोठी बहीण तापीबाई नवापूरहून आली, तिने उंबऱ्यावर मोठा हंबरडा फोडायला घेतला, पण मध्येच श्वास घ्यायला थांबली आणि सूर पुन्हा काही सापडला नाही. शेवटी तिने चहा मागितला. पण लेकीचं चालून जातं. लेकाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि नवलचे डोळे चितेपाशीही कोरडे होते, घरी आल्यावरही कोरडे होते.

भाऊबंदकीतले चंदनकाका मयतीतले जाणकार. कुणाच्या मयतीला कोण किती रडलं हे त्यांना तोंडपाठ. ते ओट्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, "बाप मरना, पन पोऱ्यान्या डोयामा थेंब नही." तापीबाईने तर भावाला तोंडावरच सांगितलं, "इंजिन मोडी जातं तं रडता तू. बाप गया, तुले काय?"

नवलला हे लागलं, आणि लागण्यापेक्षा त्याला भीती वाटली, की हे खरं तर नसेल ना? जन्मभर बापाची बोलणी खाऊन आपलं आतलं काही मरून गेलं असेल तर? त्याने प्रयत्न करून पाहिले. आबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर एकटा जाऊन बसला. फोटोतल्या आबांनी असं रोखून पाहिलं, की नवलने उठून शर्टाचं वरचं बटण लावलं. रडू आलं नाही ते नाहीच.

म्हणून भट्टी. इंजिन एकदा तापलं तर आपलंही काही सैल होईल, अशी त्याची वेडी आशा होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

सुरतेहून आणलेला चांगला दगडी कोळसा मंगलाबाईने पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बंबात घालून संपवला होता. नवलने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "मेल्याले गार पानी चालस, जित्यासले नही." आता राहिलं होतं ते आबांनी स्वतः भरून ठेवलेलं लाकडी कोळशाचं पोतं. ते लेथमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. नंदुरबार तालुक्यात कुणाकडेही रिकामं पोतं मागा, ते मिरचीचंच निघतं. आबांनी पोतं झटकलं नव्हतं. तळाशी ओंजळी ओंजळींनी फटकी पडलेली होती. फटकी म्हणजे पांढरी पडलेली, व्यापाऱ्याने नाकारलेली मिरची. तिचा रंग जातो, राग जात नाही. नवलने त्या अंधारातच पोतं घमेल्यात उलटं केलं, भुकटीने काळवंडलेली फटकी कोळशात मिसळली, आणि त्याने बघितलं नाही.

चिंध्या रॉकेलमध्ये भिजवून त्याने भट्टी पेटवली. धुराड्यावर छोटा पंखा बसवला, कारण वाफ धरेपर्यंत आगीला ओढ बाहेरून द्यावी लागते. पहिलं फावडं टाकताना तो क्षणभर थांबला, खाटेकडे पाहिलं आणि टाकलं. दाबाचा काटा थरथरला, मग उठला. वाफ धरली, पंखा काढला, इंजिन स्वतःच्या वाफेने आग ओढू लागलं. नवल एकामागून एक फावडी टाकत गेला. वाऱ्याची जी काय झुळूक होती ती त्याच्या पाठीमागून येत होती. धूर जमिनीलगत पसरून सरळ घरात शिरत होता, पण इंजिन धडधडत असताना माणूस धुराकडे बघत नाही, काट्याकडे बघतो.

तेवढ्यात घरातून रडण्याचा आवाज आला.

आधी एका बाईचा, मग दोघींचा. मग ओट्यावरून पुरुषी हुंदका आला. नवलच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "आबा वो, कथा गयात वो, आबा," हा तापीबाईचा सूर होता, आणि या वेळी तो मध्ये तुटत नव्हता. नाकं शिंकरली जात होती, कुणी धाप लागेपर्यंत रडत होतं. एवढं प्रेम होतं या लोकांचं आबांवर? आठ दिवस दाबून ठेवलं होतं त्यांनी, आणि आपण पोटचा मुलगा असून इथे काटा बघत बसलोय.

तो लगबगीने घराला वळसा घालून ओट्याच्या टोकाशी, झुळूक मोकळी येत होती तिथे, येऊन थांबला. जे दिसलं ते त्याने गावात कुणाच्याच मयतीला पाहिलं नव्हतं. वीरसिंग सरपंच उपरण्यात तोंड खुपसून गदगदत होते. ज्याला आबांनी कायम चोर म्हटलं तो दूध घालणारा खांबाला धरून रडत होता. रस्त्याने जाणारी माणसं हा आकांत ऐकून आत येत होती आणि आली की तीही रडत होती. चंदनकाकांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. त्यांनी नवलकडे पाहिलं, लाल डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

"नवल," ते म्हणाले, "सारं गाव रडी ऱ्हायनं, नि तुन्हाच डोयामा थेंब नही?"

सगळ्या ओल्या डोळ्यांनी मिळून नवलचे कोरडे डोळे पाहिले. त्याने जोर लावला, चेहरा वाकडा केला. काही झालं नाही. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता. (जमीन अशा वेळी कधीच दुभंगत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.)

मग मंगलाबाई दारात आली. तिचं माहेर मिरचीच्या पथारीला लागून. मिरची वाळताना बघत ती लहानाची मोठी झालेली. डोळ्यांना पदर, पण नाक उघडं, आणि ते नाक तिने दोनदा ओढून पाहिलं.

"हाई दुख नही," ती म्हणाली. "हाई फटकी शे. आहो, भट्टीमा काय टाकं तुमी?"

"आबानं पोतं," नवल म्हणाला.

त्यानंतरचं सांगण्यात अर्थ नाही. आधी खोकला आला, मग समज आली, मग राग आला. कुणी टाकीकडे धावलं, कुणी शेजारी. सरपंचांनी जाता जाता विचारलं, की दारावर बोलावून भूत लागलेल्याला देतात तसा मिरचीचा धूर देण्याची ही कुठली रीत? आबा जिवंतपणी तोंडाने करत ते त्यांनी मेल्यावर लेकाकरवी केलं, असं दूध घालणारा म्हणाला, आणि हे मात्र सगळ्यांना पटलं. तापीबाई शेजारच्या मोरीवर डोळे धूत राहिली. "मन्हं रडनं खरं व्हतं," ती येईल त्याला सांगत होती. "दुसरासनं मी सांगत नही." ओटा रिकामा झाला. सतरंजी चुरगळली होती आणि पायरीशी घाईत राहिलेल्या परक्या चपला पडल्या होत्या.

नवल भट्टी विझवायला मागे गेला. फटकी केव्हाच जळून गेली होती, आता नुसते निखारे होते, स्वच्छ, बिनधुराचे. काटा मात्र लाल खुणेला टेकला होता. त्याने हात पुढे केला तेवढ्यात सुरक्षेची झडप फस्स करून आपोआप उघडली, आबांनी सांगितलेल्या नेमक्या त्याच दाबाला. आबांनी ती स्प्रिंग कानाला लावून, बोटांनी दाबून नक्की केली होती. नवलने तेव्हा मनात म्हटलं होतं, म्हाताऱ्याला काय कळतंय.

गाडी हलवायची नाही असं ठरलं होतं. पण आता आणखी काय बिघडायचं होतं? त्याने वाफेचा दांडा जरासा ओढला. इंजिन शिंकलं, पाणी थुंकलं, आणि चाकं फिरली. नवल कंबरेत वाकून, दांड्यावर हात ठेवून त्याच्याबरोबर चालू लागला. स्वयंपाकघर गेलं, पुढचा ओटा गेला, रुळावर आलेली एक चप्पल त्याने पायाने सारली. इंजिन एका लयीत चाललं होतं, कुठे अडत नव्हतं, डगमगत नव्हतं. मागच्या फळीवर आबांच्या बैठकीसाठी घडी करून ठेवलेली गोधडी होती.

खाटेपाशी आल्यावर नवलने सवयीने मान वर केली. आता शिवी येणार होती. आग जास्त झाली, नाहीतर वाफ वाया गेली, नाहीतर तुला अक्कल नाही, काहीतरी येणारच होतं. आलं नाही. खाट तशीच होती. आता कधीच येणार नाही हे नवलला तिथे, त्या जागेवर कळलं, आणि तो दांडा बंद करून रुळांमध्येच बसला. तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आबा, चाललं हो, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण तेवढंही नीट फुटत नव्हतं.

"डोया चोयू नका," मागून आवाज आला. मंगलाबाई ताकाचा मोठा लोटा घेऊन उभी होती. सगळ्यांचे डोळे धुऊन ती आता घरच्या माणसाकडे वळली होती. "चोयं म्हंजे आखो लागस."

"मिरची नही हाई," नवल हुंदक्यातून म्हणाला.

"माले नका शिकाडा. मी पथारीवर वाढेल शे. हात काढा."

"आबासाठे..." नवल म्हणाला.

"हा, हा, आबानंच पोतं. हात काढा पहिले."

कुंपणावरून चंदनकाकांचं सुजलेलं तोंड वर आलं. त्यांनी नवलचे वाहणारे डोळे नीट पाहून घेतले. "आते मिरची लागनी का त्याले?" ते म्हणाले. "त्यान्हं सारंच उशिरा." आणि ते गावात सांगायला गेले.

नवलने हात बाजूला केले. गार, आंबट ताक कपाळावरून उतरलं आणि आठ दिवस अडलेलं सगळं पाणी त्याच्याबरोबर शर्टात गेलं. मंगलाबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. डोळे पुन्हा भरलेच. तिने पुन्हा पुसलं, ते पुन्हा भरले.

"बहू कडक माल व्हता," ती म्हणाली, आणि आणखी ताक आणायला आत गेली.