विंगेतले हिराजीदादा

हिराजीदादांसमोर अडखळायची सोय नव्हती. बोलताना जरा थांबलात की पुढचा शब्द कानाशी हजर! विचुंब्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं म्हणताना भटजींनी श्वास घेतला, तर मांडवाच्या खांबाआडून दादांनी पुढची ओळ पुरवली. भटजी असे बावरले की तेच कडवं दोनदा झालं.

सवयच ती, नाटकात लागलेली. पनवेलमधलं त्यांचं भाताचं गोदाम आम्ही कॉलेजातल्या पोरांनी प्रायोगिक नाटकांसाठी मागितलं आणि या आगरी गृहस्थाने "घ्या!" म्हणून चावीच काढून दिली. साठ खुर्च्या, चार दिवे आणि हवेत कोंड्याची धूळ. नट ऐन प्रसंगात शिंकायचे. प्रेक्षकांना वाटायचं, प्रायोगिक आहे! दादा विंगेत प्रॉम्प्टिंगला. सगळ्यांचे सगळे संवाद पाठ. नाटक कसं वाटलं विचारलं की म्हणायचे, "समजला काय नाय, पन एक शब्द चुकला नाय."

मग आम्ही पांगलो. कुणी मालिकांत शिरलं, मी बँकेत चिकटलो. दादांनी मात्र गोदामात पुन्हा भात भरला नाही. बिल्डर येऊन गेले, पुतणे भांडले. यांचं एकच, "पोरं येतील." आम्ही कसले येतोय! वर्षानुवर्षं साधी चौकशी केली नाही. नालायकपणा, दुसरं काय!

यंदा पुतण्यांपुढे त्यांचं काही चालेना, गोदाम पाडायचं ठरलं. पाडकामाआधीच्या रविवारी शेवटचा एक प्रयोग करू, म्हणून त्यांनी सगळ्यांना फोन केले. सगळे "नक्की, नक्की" म्हणाले. आलो मी एकटा, तोही उशिरा.

"बस," म्हणाले आणि स्वतःच स्टेजवर चढले. मिठागरातल्या मजुराचं आमचं नाटक होतं. ती भूमिका मी करायचो, टाळ्याही घ्यायचो. दादा तेच संवाद स्वतःच्या बोलीत बोलू लागले.

"पाय झोंबतान गं, आये. आज नाय जात मी मिठावर."

अहो, काय सांगू! मी इतके प्रयोग केले, पण तो मजूर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

"दादा," मी म्हटलं, "एवढं येत होतं, तर कधी काम का नाही मागितलंत?"

"मांगला व्हता की," ते सहज म्हणाले. "तू हसलास. बोल्लास, दादा, तुमची बोली स्टेजवर नाय चालायची."

हसलो असणार. मला आठवतसुद्धा नाही.