आधी फोटो, मग हात

आमचे गायकवाड न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी स्वतःच्या डोक्याचे फोटो काढून घेतात. चारही बाजूंनी. एकदा न्हाव्याने न राहवून विचारलं, "साहेब, हे कशाला?" तर म्हणाले, "बिघडलं तर परत कुठे यायचं ते माहीत पाहिजे." "अहो, पण कापलेले केस परत कसे येणार?" "येतात. रिस्टोअरला महिना लागतो." हा किस्सा त्यांनी स्वतःच मला सांगितला. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

परळला एका गाळ्यात आमची छोटी संस्था आहे. अंध मुलांसाठी आम्ही शाळेची पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून देतो. मी तिथली व्यवस्थापक, म्हणजे पंखा बंद पडला तरी माझं नाव आणि नळ गळला तरी माझंच. गायकवाड आमचे कॉम्प्युटर सांभाळतात. राहायला नायगावला, बीडीडी चाळीत. आता चाळ पाडायला घेतली म्हणून भाड्याच्या घरात गेलेत. खोली सोडताना शेजाऱ्यांनी पंखे काढले, फळ्या काढल्या. गायकवाडांनी आधी भिंतीतल्या एकूण एक खिळ्याचा फोटो काढला. "खिळे तर तिथेच राहणार ना?" मी विचारलं. "म्हणूनच तर," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

"आधी फोटो, मग हात" हे त्यांचं ब्रीद. कॉम्प्युटरवर फोटो म्हणजे स्नॅपशॉट. सगळ्या फायली या घडीला जशा आहेत तशा धरून ठेवायच्या. मग कुणी काही पुसलं, कुणी बिघडवलं, तरी मागच्या घडीवर परत जाता येतं. आमच्याकडे असा फोटो दर तासाला आपोआप निघतो. वाचणाऱ्यांचे उच्चार तपासणाऱ्या आमच्या लिमयेबाईंनी एकदा आवराआवर करताना सहावीचा अख्खा भूगोल उडवला. बाई रडकुंडीला आल्या. गायकवाडांनी आधी चहा संपवला, मग दोन बटणं दाबली आणि सह्याद्री नद्यांसकट जागेवर आणून ठेवला. वर व्याख्यान दिलं, "पण बाई, फोटो म्हणजे बॅकअप नव्हे हं. फोटो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप दुसरीकडे ठेवावा लागतो." हे व्याख्यान ते कोणालाही देतात. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही एकदा दिलं होतं. तो बिचारा "बरं" म्हणून मीटर न बघताच गेला.

त्यांच्या पत्नी शोभाताई बालवाडीत शिकवायच्या आणि वेळ काढून आमच्याकडे पुस्तकं वाचायला यायच्या. आवाज असा मोकळा की माइक थोडा लांबच ठेवावा लागे. नवऱ्याचं वेड त्यांनीच मला साग्रसंगीत सांगितलं होतं. "भांडन तापलं ना मॅडम, की हे म्हनतात, थांब, सकाळी चहा पिताना आपन कसे होतो, तिथं परत जाऊ. मी म्हनते, व्हा तुम्ही पुढं, मी भांडी घासून येते." दोन वर्षांपूर्वी त्या अचानक गेल्या. जलदान विधी आटोपला आणि गायकवाड कामावर हजर झाले. आम्ही काही बोलायला गेलो की ते डिस्कविषयी बोलत. हळूहळू आम्हीही डिस्कविषयीच बोलू लागलो.

तर ही डिस्क यंदा भरली. दहावीची परीक्षा तोंडावर, विज्ञानाचं पुस्तक अर्धं वाचून झालेलं आणि मशीन म्हणतंय, जागा नाही. नव्या डिस्कची मागणी मी वर पाठवली होती, ती वरच राहिली. मग मी पदर खोचून जुन्या फायली पुसायला बसले. भरपूर पुसल्या. जागा तसूभर वाढली नाही.

"वाढणारच नाही," गायकवाड म्हणाले. "तुम्ही पुसलंत, पण फोटोने धरून ठेवलंय. फोटो सोडत नाही तोवर जागा सुटत नाही."

"मग सोडा की ते फोटो!"

त्यांनी जुने फोटो एकेक करून सोडले. एक मात्र राहिला, आणि तोच सगळ्यांत जड. त्यात एका वर्षाची सगळी कच्ची रेकॉर्डिंगं होती, सगळ्या वाचकांची. पुस्तक पक्कं झालं की कच्चं आम्ही पुसतो. या फोटोने ते धरून ठेवलं होतं, आणि कोणाच्या हातून चुकून जाऊ नये म्हणून गायकवाडांनी त्याला कडी लावली होती.

"हा नको, मॅडम," ते म्हणाले. "त्यात शोभा आहे."

माझ्या डोळ्यांपुढे मात्र दहावीची पोरं होती. मी समजुतीने म्हटलं, "गायकवाड, शोभाताईंची सगळी पुस्तकं आहेत आपल्याकडे. तुम्हीच त्यांचा तीन ठिकाणी बॅकअप ठेवलाय."

"ती पुस्तकं झाली," ते म्हणाले. आणि त्यांनी त्या फोटोतली एक फाइल लावली.

शोभाताई वाचत होत्या, "मुलांनी झाडाला पानी घातलं."

मागून लिमयेबाई, "शोभाताई, पाणी. ण."

"तेच म्हनले की मी."

"नाही, पानी म्हणालात."

"आता पाणी काय नि पानी काय, झाडाला कळतंय होय?"

दोघीही खळखळून हसल्या. गायकवाडांनी तिथेच थांबवलं.

आता यात लिमयेबाईंचं काही चुकत नव्हतं. पुस्तकात 'पाणी' छापलंय, तर पाणीच ऐकू यायला हवं. ते तसं येतंही. पक्क्या पुस्तकातल्या शोभाताईंचा प्रत्येक ण ठसठशीत आहे. सगळी 'पानी' कापून कचऱ्यात गेली आणि ती या एका फोटोत तेवढी उरली होती.

"पुस्तकातली शोभा कुठंच चुकत नाय, मॅडम," गायकवाड म्हणाले. ऑफिसात इतकं जपून बोलणारा हा माणूस, त्याची भाषा एकदम घरची झाली. "रोज लावतो मी, रेडिओ लावावा तसं. पन ती कोन बाई वाचते, मला कळत नाय. माझी बायको ह्या फोटोतली आहे."

मला त्यांचा रागच आला. जगाला बॅकअपचे धडे देणारा माणूस, आणि ही एवढी गोष्ट त्याने दुसरीकडे ठेवली नव्हती. "शोभाताईंच्या रेकॉर्डिंगचे तुकडे एका पेन ड्राइव्हवर मावतील! कधीच का नाही नेलेत घरी?"

"संस्थेचा माल आहे. विचारल्याशिवाय कसा नेनार?"

"मग विचारायचं होतं!"

"काय म्हनून विचारू मॅडम? बायकोच्या चुका पाहिजेत म्हनून?"

मी समोरच्या दुकानातून दोन पेन ड्राइव्ह आणले आणि व्यवस्थापकाच्या आवाजात सांगितलं, "घ्या. ऑर्डर आहे." त्यांनी शोभाताईंचे सगळे तुकडे वेचून दोन्हींवर उतरवले. एवढं झाल्यावरही जुना फोटो सोडायला त्यांचा हात होईना. कॉपी नीट वाजते का, ते ऐकल्याशिवाय मूळ सोडायचं नसतं, म्हणाले. आणि खरंच नसतं.

त्यांनी पेन ड्राइव्हवरून तीच फाइल लावली. पानी झालं, ण झाला, झाड झालं, हसणं झालं. या वेळी त्यांनी मध्येच थांबवलं नाही. हसू ओसरलं, कागद सरकल्याचा आवाज आला आणि शोभाताई म्हणाल्या, "बरं, चुकलं. परत घेते हां."

"घे गं," गायकवाड हळूच म्हणाले. "सावकाश घे."