चिंचेखालची कोरफड

वच्छलाबाई लेकीच्या बाळंतपणाला कुरकुंभला निघाल्या, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात एकच काळजी घातली : अंगणातल्या चिंचेखालची कोरफड. त्या कोरड्या सावलीत गवताची काडी धरत नव्हती. तिथे त्यांनी पाबळच्या माहेराहून, आईच्या दारातली पिल्लं आणून जगवली होती. आई गेली, पण तिची कोरफड शिरूरला मजेत होती.

"आठ दिसाला तांब्याभर पानी. जास्त न्हाई," त्यांनी बजावलं.

हौसराव एसटीतले रिटायर ड्रायव्हर. बायको लेकीकडे गेली आणि घर त्यांना खायला उठलं. दुसऱ्याच सकाळी ते चिंचेखाली जाऊन म्हणाले, "तुला बी करमत न्हाई व्हय?" आणि तांब्या ओतला. संध्याकाळी दुसरा. चौथ्या दिवसापासून बादली.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. बिचारी तहानली असेल म्हणून हौसरावांनी पाइपच सोडून ठेवला. पानं लिबलिबीत झाली, तशा शेजारच्या धुरपदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, कोरफड हाय ती, भात न्हाई!"

उपटून बघितलं तर मुळं कुजलेली.  घरात सासूबाईंची एवढी एक खूण, तीही हौसरावांनी लाड करून मारली होती. त्यांनी पहिल्या गाडीने पाबळ गाठलं.

दारातल्या कोरफडीकडे बोट दाखवत मेहुणा साहेबराव हळूच म्हणाला, "दाजी, आईच्या माघारी मी बी पानी घालून घालून सगळी घालवली. ही आक्कानं शिरूरच्या तिच्या कोरफडीतलीच आणून लावलीया. न्या चार पिल्लं. पर तिला कळू देऊ नका, मला तवा लई बोलली हुती."

सव्वा महिन्याने वच्छलाबाई परतल्या, त्या पिशवी न ठेवताच चिंचेखाली गेल्या.

"जाताना गुडघ्याएवढी हुती. आता वितीएवढी कशी?"

"उन्हानं आखडली."

"चिंचेखाली ऊन?"

हौसरावांचं अवसान गळालं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"पर एवढं पानी कशापायी?"

"तू न्हवतीस ना. कुनाला तरी इचारावं वाटायचं, प्यालीस का, बरी हाईस का..."

वच्छलाबाईंना भरून आलं, पण फणकारा सुटला नाही. "मला न्हाई कवा इचारलं ते!"

 हौसराव आत गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी चहाचं आधण ठेवलं. साखर किती घालायची, हे विचारायला तीनदा बाहेर आले.

"घाला तुमच्या मनानं," वच्छलाबाई तिन्ही वेळा म्हणाल्या.

चहाचा पाक झाला होता. वच्छलाबाई तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.