चौदा दुलयांवरून पडलेली डिस्क

मी ती डिस्क फक्त जागेवरून उचलली, सुरक्षित ठेवावी म्हणून. जगातली बरीचशी नुकसानं याच हेतूने होत असावीत.

ती काळी हार्ड डिस्क आमच्या बैठ्या टेबलावर चहाच्या किटलीला खेटून पडलेली असायची. तिच्यात मीरगुलताईच्या लग्नाची सहा तासांची फिल्म होती. फिल्म काढणाऱ्याने स्वतःकडची प्रत महिन्याभरात पुसून टाकलेली, त्यामुळे जगात एवढी एकच. एक दिवस कुणीतरी चहा सांडणार, याची मला खात्री होती. शेवटी मी घरातली सगळ्यांत मऊ जागा शोधली: लोखंडी पट्ट्यांच्या पेटीवर रचलेला दुलयांचा ढीग. वरच्या चार दुलया उचलून मी डिस्क खाली सरकवली आणि निर्धास्त झाले. (वीस मिनिटं.)

विसाव्या मिनिटाला पाहुणे आले. पाहुण्यांना बसायला दुलया अंथरायच्या म्हटलं की तुर्सुनाय आत्याच्या अंगात वारं शिरतं. तिने वरच्या चार एका कवेत ओढल्या. त्यांच्याबरोबर डिस्क हवेत आली, पेटीच्या कोपऱ्यावर आपटली आणि जमिनीवर पडली. आत्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "बेगायिम, चहा!" एवढंच म्हणाली.

मी चहा दिला आणि मग चोरून डिस्क लॅपटॉपला लावली. आतून आवाज आला, टक्, टक्, टक्. जणू आत कुणी अडकलंय आणि सभ्यपणे दार वाजवतंय. मी ती काढून पुन्हा लावली. असं चार वेळा केलं. मग डिस्क मुकाट्याने किटलीजवळ ठेवून दिली. (मी कमी बोलते म्हणून शाळेत माझं कौतुक होतं.)

दुसऱ्याच दिवशी ताईच्या सासूबाईंचा, साल्तानातकाकूंचा, फोन आला.

"पुढच्या रविवारी आमच्या बाबांना जाऊन वर्ष होतंय, त्याचं जेवण आहे. लग्नात त्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला होता ना, तेवढा भाग सगळ्यांना दाखवायचाय. त्यांचं बोलणं दुसरीकडे कुठेच नाही हो."

"अहो, त्यात काय! आजच बघते," आई म्हणाली.

तो भाग आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. घरात प्रत्येक जण फिल्म स्वतःच्या नाचापर्यंत पाहायचा आणि उठायचा. माझ्या बाबांनी डिस्क दोनदा लावली. टक्, टक्.

"नजर लागलीय," आत्याने निदान केलं.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी आत्या आणि मी ओश शहराच्या बाजारात ओमुर्बेकदादांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक जुना मालाचा कंटेनर. त्यांनी डिस्क कानाशी धरून हलवली.

"पडली होती का?"

"छे! आमच्या घरात वस्तू पडत नाहीत," आत्या म्हणाली.

"मग चालू करून बघतो. पडलेली असेल तर मात्र आत्ताच सांगा. आतलं हेड, म्हणजे माहिती वाचणारं टोक, मोडलेलं असलं तर चालू केल्याबरोबर तबकडीवर ओरखडे काढतं. जे ओरखडलं, ते कायमचं गेलं."

त्यांनी वायर हातात घेतली. वायर डिस्कपासून एक बोट लांब होती.

"पडली," मी म्हणाले.

"काय?"

"पडली. चौदा दुलयांवरून."

ओमुर्बेकदादांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. त्यांनी हाताने उंचीचा अंदाज घेतला. "पातळ की जाड?"

"जाड. कापसाच्या."

"थांब!" आत्या उसळली. "चौदा? अहो, अठरा आहेत आमच्याकडे! परक्या माणसासमोर घराची अब्रू घालवतेस?"

"चौदाच होत्या, आत्या."

"अठरा! त्यातल्या सहा मखमली! मी स्वतः रचते!"

"हो, पण वरच्या चार तेव्हा तुझ्या कवेत होत्या."

आत्याने बोटांवर मोजून पाहिलं.

"म्हणजे ते धप्प झालं, ते..." आत्या म्हणाली. "मला वाटलं मांजर."

"आपल्याकडे मांजर नाही."

ओमुर्बेकदादांनी वायर खाली ठेवली. "पडल्यावर किती वेळा लावली?"

"मी चार वेळा. माझ्या बाबांनी दोनदा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सातव्यांदा लावली असती तर त्यांनी मलाच दुकानाबाहेर काढलं असतं. मग म्हणाले, तशाच दुसऱ्या डिस्कमधलं हेड काढून हिला बसवून बघावं लागेल, तेही काचेच्या बंद पेटीत. "धुळीचा कण चालत नाही. धूरसुद्धा नाही." आत्याने नजर काढायला आणलेली वाळकी डहाळी आणि काडेपेटी निमूटपणे पिशवीत परत घातली.

पुढचे आठ दिवस मी कुठेच धड बसले नाही. फोन वाजला की उठायचे, वाजला नाही तरी उठायचे. भूमितीच्या तासाला कुणीतरी बाकावर पेन आपटत होतं, टक्, टक्, आणि मी रडले. बाईंना वाटलं प्रमेय अवघड गेलं.

शनिवारी दुपारी फोन आला. पाच तासांची फिल्म वाचली होती. ओरखड्यांमध्ये नाच गेले, सगळ्यांचे. (आत्या अजून माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलत नाही.) आशीर्वाद मात्र राहिला होता.

रविवारी साल्तानातकाकूंच्या अंगणात चाळीस माणसं टीव्हीसमोर बसली. म्हाताऱ्या बाबांचा आवाज आला, जरा घोगरा, थांबत थांबत: "तुमच्या दारातून कुणी उपाशी न जावो..." सगळ्यांचे तळहात आपोआप वर झाले. काकूंनी रुमालाने नव्हे, दोन्ही मुठींनी डोळे पुसले. मीसुद्धा.

मग काकू हळूच म्हणाल्या, "आवाज अगदी त्यांचाच. पण बाबा दिसत का नाहीत?"

पडद्यावर मधोमध एक मोठा पांढरा गोळा होता. चार मिनिटं तो हलला नाही. आत्याने तिथूनच ओमुर्बेकदादांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"अहो, बाबांच्या जागी पांढरा डाग राहिलाय! तेवढा ओरखडा काढून द्या."

"तो ओरखडा नाही, ताई," ओमुर्बेकदादा म्हणाले. "कॅमेऱ्याला लाजून पाठ करून उभी असलेली तुमची भाची आहे, तिच्या केसांची ती भलीमोठी रिबन, दुकानात घालून आली होती तीच. आख्ख्या डिस्कमध्ये तेवढ्या एका गोष्टीला कसलीही इजा झालेली नाही."