अंधाराचा तास

कुंदा मॅडम प्लास्टिकच्या बाईला हात लावण्याआधी तिची परवानगी घेतात. नुसती घेत नाहीत, उत्तराची वाटही पाहतात. पलंगापाशी उभ्या राहतात, मान थोडी वाकवतात, "तुळसाबाई, मी कुंदा. बीपी पाहू काय जी?" असं विचारतात आणि गप्प होतात. मग कधी दंडाला पट्टा गुंडाळतात, तर कधी "बरं, मंग थोड्या वेळानं येतो" म्हणून मागं फिरतात. तुळसाबाई नाही म्हणाल्या हे त्यांना कसं कळतं, हे मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. विचारलं आणि त्यांनी खरंच सांगितलं तर? मला त्यांच्या शेजारीच राहायचं आहे.

आमचं गाव मूल, चंद्रपूरकडचं, धानाचं. राईस मिलची घरघर दिवसभर कानात असते, ती थांबली की माणूस दचकतो. गावाबाहेर बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सुरू होतात तिथं नर्सिंगची शाळा आहे, आणि शाळेच्या डेमो रूमची भिंत म्हणजेच माझ्या परसाची भिंत. डेमो रूम म्हणजे पोरी खऱ्या माणसाला हात लावण्याआधी जिथं पुतळ्याला हात लावून शिकतात ती खोली. कुंदा मॅडम तिथल्या ट्यूटर. शाळेच्या क्वार्टरमध्ये एकट्याच राहतात. त्यांचं मागचं दार आणि माझं मागचं दार समोरासमोर. माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढचं वाचन मी होस्टेलच्या पोरींनी टाकून दिलेल्या पुस्तकांवर केलं. त्यामुळं पोथीच्या आधी मला 'फुप्फुस' वाचता आलं.

तुळसाबाई म्हणजे डेमो रूममधला पुतळा. शाळेच्या कागदावर तिला नुसता नंबर होता, नाव मॅडमनी दिलं. नावाबरोबर सासर दिलं, तीन शेळ्या दिल्या, दारू पिणारा दीर दिला. तिची डावी पापणी सैल आहे. झाकली तरी हळूहळू आपोआप उघडते, आणि नेमकी तुम्ही पाठ फिरवल्यावर. पोरी म्हणायच्या, मॅडम, हिचा डोळा दुरुस्त करून आणा. मॅडम म्हणायच्या, "काऊन? पेशंट पाहत नाई काय तुमच्याकडं?"

शेवटी पापणीसाठी नाही, पण मानेच्या स्क्रूसाठी तिला चंद्रपूरला न्यावं लागलं. खोक्यात घालायला मॅडम तयार होईनात. त्यांनी तिला आपलं लुगडं नेसवलं, डोक्यावरून पदर दिला आणि एसटीत खिडकीपाशी बसवलं. कंडक्टर आला. "आजीचं आधार कार्ड दाखवा." मॅडम म्हणाल्या, "झोपल्या आहेत, उठवू नका." कंडक्टर भला माणूस. त्यानं वाकून पदराच्या आत पाहिलं, आणि नेमका तेव्हाच तो डावा डोळा उघडला. चंद्रपूर येईपर्यंत तो ड्रायव्हरच्या केबिनला चिकटून उभा होता म्हणे. ही गोष्ट मला मॅडमनीच सांगितली, न हसता. वर म्हणाल्या, "तिकीट मी फुल काढत होती. त्यानंच घेतलं नाई."

आमची ओळख मात्र माझ्या भीतीतून झाली. क्वार्टरमध्ये त्या नुकत्याच आल्या होत्या. मी परसात मुगवड्या घालत होते. भर दुपार, माणूस ना काणूस, आणि भिंतीतून बाई कण्हल्याचा आवाज आला. लांब, खोल, मधेच तुटणारा. मग तोच आवाज म्हणाला, "कोण आहे?"

मी म्हटलं, शाळेला तर सुट्टी असेल. काठी घेतली आणि गेले. डेमो रूमचं दार लोटलं तर आत काळोख. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत हाताला हात दिसत नाही. खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या. स्पिरिटचा वास, आणि कितीतरी जणांचा श्वास, पण बोलत कोणीच नाही. मी चाचपडत पुढं झाले. पलंगाची कड लागली, त्यावर एक हात लागला. तो गरम होता. आणि त्यानं माझं मनगट धरलं.

मी ओरडले नाही. आवाज फुटला असता तर ओरडले असते. मग कोणीतरी घोंगडी काढली. भिंतीला लागून वीसेक पोरी उभ्या, तुळसाबाई पलंगाखाली, आणि पलंगावर पांढऱ्या साडीतल्या कुंदा मॅडम, माझं मनगट धरून.

"दार वाजवलं नाई तुमी," त्या झोपूनच म्हणाल्या. "नाव सांगितलं नाई. विचारलं नाई. नापास."

उजेड झाला तरी त्यांनी माझं मनगट बराच वेळ सोडलं नाही. मला वाटलं, शिकवणाऱ्यांची पद्धत असेल.

तर हा अंधाराचा तास. तो कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही, मॅडमनीच बसवला. त्यांचं पुस्तकाशी भांडण होतं. म्हणायच्या, "पुस्तकातले सगळे पेशंट उजेडात झोपले असतात. या पोरींच्या पोस्टिंगा भामरागडकडं होतीन. पाण्यात पूल बुडला का रस्ता बंद, लाईट बंद, मोबाईल बंद. बाळंतीण लाईटसाठी थांबन काय?" म्हणून पोरींनी काळोखात नाडी शोधायची, पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगायचं, हातमोजे चढवायचे. पण त्याच्याही आधी दार वाजवायचं. दार नसेल तर पलंग वाजवायचा. नाव सांगायचं, विचारायचं, थांबायचं. आणि शेवटचा नियम त्या सगळ्यांत जोरात सांगायच्या, "हात सोडताना सांगा. सांगितल्याशिवाय सोडला का थे माणूस पडते. झोपल्या जागी पडते."

शाळेतलं हे वेड त्या घरी पण आणायच्या. माझं मागचं दार सताड उघडं असलं तरी चौकट वाजवून म्हणणार, "मी कुंदा. येऊ काय जी?" मी चिडवायचे. "मॅडम, बकरीले पण विचारा, अंगणातून जाऊ काय म्हणून." त्या बकरीकडं पाहून थांबायच्या. मग मलाच बकरीकडं पाहवत नसे.

पलंगावर आज तुळसाबाई आहे की मॅडम, हे पोरींना कधी कळायचं नाही. त्यात एटापल्लीकडची रोशनी म्हणून एक नवी पोरगी होती. बारीक, अबोल, घरी गोंडीच बोलणारी. तिनं काळोखात प्लास्टिक समजून हात धरला, आणि बोटं हलली. ती जी पळाली ती बांध्यांमध्ये धावत गेली. चिखलातून तिला काढून आणली तेव्हा दातखीळ बसली होती. गावात बातमी पसरली की नर्सिंगच्या शाळेतली बाहुली जिवंत झाली आहे. होस्टेलच्या पोरी उशीखाली लिंबं ठेवायला लागल्या. स्वैपाकीण डेमो रूमवरून न जाता, मोठा वळसा घालून भाजीला जायला लागली. तेवढ्यात रोशनीचे वडील आले, ऑफिसात बसले आणि म्हणाले, माझ्या पोरीला नर्स करा, भूत नका दाखवू. चूक होती का त्यांची?

प्राचार्य सरांनी अंधाराचा तास बंद करायचं ठरवलं. तसंही शाळेनं नवीन पुतळा मागवला होता, बटन दाबलं की कण्हणारा. मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं की तपासणीची कमिटी येणारच आहे, त्यांना एकदा हा तास दाखवू द्या, मग काय ते ठरवा. सर कबूल झाले.

त्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या, चौकट वाजवून. मी वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. त्याही सोलू लागल्या.

"काऊन एवढा जीव टाकता जी त्या तासावर?" मी विचारलं. "मशीन कण्हते तर कण्हू द्या ना तिले."

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग शेंगांकडं पाहतच म्हणाल्या, "मी नवीन होती. उपकेंद्रात एकटी. बाहेर पाऊस-पाणी सुरू. खरी तुळसाबाई, बाळंतीण, बाजेवर होती, रक्त थांबत नव्हतं. लाईट गेली. थे विचारत होती, कोण आहे, कोण आहे. मी मेणबत्ती शोधून राह्यली होती. म्हटलं, आधी मेणबत्ती सापडू दे, मंग बोलतो."

मी शेंग हातात धरून बसले.

"मेणबत्ती सापडली," त्या म्हणाल्या. "तवा विचारणारी नव्हती."

मिल मधेच थांबली. आम्ही दोघी दचकलो.

कमिटीपुढं कोणती पोरगी उभी करायची, यावर सरांनी हुशार पोरींची नावं काढली. मॅडमनी रोशनीचं घेतलं. "भ्याली तिलेच उभी करन. न भेणाऱ्या पोरीले पेशंटचं भेव समजत नाई." झालं, रोशनीची तालीम माझ्या गळ्यात पडली. माझ्या स्वैपाकघराची खिडकी लावली की काळोखच. मी चटईवर पडायचे आणि ती दारापाशी चौकट धरून उभी राहायची.

"आजी, मी रोशनी. हात लावू काय?"

"लाव ना वो लवकर, नाईतर मले झोप लागन."

"असं पेशंट म्हणत नाई आजी."

"माझ्यावाली पेशंट असंच म्हणते."

पहिल्यांदा तिनं माझा पाय धरला आणि नाडी लागत नाही म्हणून रडायला लागली. हसून हसून माझी नाडी इतकी पळाली की नंतर सापडली तरी मोजता येईना. पण हळूहळू तिचा हात थांबायला शिकला. विचारल्यावर ती खरंच वाट पाहू लागली. एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर तीही हलली नाही, काळोखात तशीच उभी. शेवटी मलाच भीती वाटली आणि मी म्हटलं, आहे वो मी.

कमिटी आली. या वेळी घोंगड्या माझ्या होत्या, म्हणून मला आत उभं राहायला मिळालं. मॅडमनी सांगितलं, पलंगावर पुतळा राहील. शेवटची घोंगडी लागली आणि खोली विहिरीसारखी झाली. कमिटीतले एक साहेब खोकले.

पलंगावरून आवाज आला. तोच, लांब, खोल, मधेच तुटणारा. "कोण आहे?"

तो मॅडमचा शिकवण्याचा आवाज नव्हता. कोणी दुसरीच बाई विचारत होती असं वाटलं.

लाकूड वाजलं. "मी रोशनी. सिस्टर आहो. हात लावू काय जी?"

उत्तर नाही. कितीतरी वेळ उत्तर नाही. रोशनी हलली नाही, मेणबत्ती शोधायला गेली नाही.

"लाव," पलंग म्हणाला.

मग ती एकेक गोष्ट सांगत करत गेली. आता नाडी पाहतो. आता पोटावर हात ठेवतो, थंड आहे, घाबरू नका. आवाज बारीक होता पण तुटला नाही. बाहेर तासाची घंटा झाली.

"आता हात सोडतो जी," रोशनी म्हणाली. "परत येतो."

काही हललं नाही.

"सोडतो जी."

साहेब पुन्हा खोकले. मला ठाऊक होतं, इथं तास संपायचा असतो. पेशंटनं हात सोडायचा असतो. माझ्या मनगटाला ती पहिली दुपार आठवली.

"बरं," रोशनी म्हणाली. "नाई सोडत. बसतो." स्टूल घासल्याचा आवाज आला, आणि मग ती गोंडीत काहीतरी हळूहळू बोलायला लागली. मला गोंडी येत नाही. पण लहान लेकराला निजवताना येतो तसा तो आवाज होता. आम्ही सगळे त्या काळोखात उभे, कमिटीसुद्धा, आणि कोणी घोंगडी काढेना.

शेवटी मीच काढली. साहेबांना आधी पलंगाखालची तुळसाबाई दिसली, डावा डोळा उघडून त्यांच्याचकडं पाहणारी. ते भिंतीला टेकले. मग त्यांना पलंगावरच्या मॅडम दिसल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उशी दोन्ही बाजूंनी ओली होती.

कमिटीनं अंधाराचा तास मान्य केला. वेळापत्रकात छापून आला आहे आता, आठवड्यातून एकदा. फक्त एक अट घातली: शिक्षकांनी पलंगावर झोपायचं नाही, पेशंट म्हणून नवीन मशीनच ठेवायचं. बरोबरच आहे म्हणा. त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, रोशनीला पास केलं, माझ्या घोंगड्या नीट घड्या घालून परत दिल्या.

आता त्या तासाला मॅडम भिंतीपाशी उभ्या असतात. मशीन कण्हतं, पोरी विचारतात, मशीनचा हात धरतात, सांगून सोडतात. मला परसात सगळं ऐकू येतं. तास संपला की पोरी होस्टेलकडं जातात आणि मॅडम आपल्या क्वार्टरमध्ये. तुळसाबाईला त्यांनी तिथंच नेऊन खिडकीपाशी बसवलंय. त्यांचं मागचं दार उघडंच असतं.

मी बकरीला बांधते, हात धुते आणि जाते. चौकट वाजवते. "मी पार्वता. येऊ काय जी?" आणि थांबते. कधी लगेच 'या' म्हणतात, कधी वेळ लागतो. मी आत जाऊन बाजेच्या कडेवर बसते आणि विचारून हात धरते. मिल चालू असते. तुळसाबाईचा डोळा उघडतो, आम्ही उघडू देतो.

चुलीची वेळ झाली की मी नियमाप्रमाणं सांगते. "हात सोडतो जी, मॅडम."

त्यांना त्या वेळी ऐकू येत नाही.